न्यूझीलंडला हिमनदीवरची हेलिकॉप्टर फेरी: आई-अण्णांना घेऊन करावी का, आणि कुठून?

गंगाखेडकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ ख्राइस्टचर्चला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडं जायलोत. मी, बायको, आई आणि अण्णा. तिकिटं निघाली, व्हिसे आले. भाऊ गाडी काढून आख्खं दक्षिण बेट फिरवणार आहे. घोडं अडलंय ते हेलिकॉप्टरवर.

भावाचं म्हणणं, एवढ्या लांब येऊन हिमनदीवर उतरला नाहीत तर काय बघितलं? वीस-तीस मिनिटांची फेरी असते, वर बर्फात उतरवतात, फोटोबिटो काढायला दहा मिनिटं देतात आणि परत आणून सोडतात. माणशी तीन-साडेतीनशे ते चारशे न्यूझीलंड डॉलर. डॉलरला पन्नास रुपये धरले तर चौघांचे साठ ते ऐंशी हजार. पैसे भाऊ देतो म्हणायलाय, पण अण्णांनी लगेच हिशोब मांडला. त्यांचं मोंढ्यात आडतीचं दुकान, त्यामुळं जगातली कुठलीही किंमत ते सोयाबीनमध्ये काढतात. "एका माणसाला साडेचार क्विंटल? अन् तेही अर्ध्या तासाला?" वर पुन्हा, "हेलिकॉप्टर इलेक्शनला गावात येतंच की, धूळ खायला."

आईला मात्र जायचंय. तोंडानं म्हणत नाही, पण भावानं पाठवलेला व्हिडिओ गल्लीत सगळ्यांना दाखवून झालाय.

तर मला विचारायचंय ते असं. पैसे वसूल होतात का, का नुसतं गेलो अन् आलो? क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंडच्या फ्योर्डवरून (हिमनदीनं कोरलेली खोल दरी, जिच्यात समुद्र शिरलाय) नेतात ती फेरी घ्यावी का फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्यांवरची? दोन्ही जमणार नाहीत. अण्णा एकाहत्तरचे, बीपीची गोळी चालू आहे, वजन शंभरच्या पुढं (नेमकं किती ते त्यांनी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही). आईचे गुडघे दुखतात आणि ती साडीशिवाय काही नेसत-घालत नाही. त्या पंख्याच्या वाऱ्यात साडीचं कसं करायचं हा प्रश्न बायकोचा आहे, पण उत्तर मलाच नेऊन द्यावं लागणार आहे.

मोंढा नाका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी केदारनाथला फाटा गावाहून हेलिकॉप्टरनं गेलो होतो. आठ-दहा मिनिटांत वर. बसलो, हर हर महादेव म्हणलं, उतरलो. पण तिथं गौरीकुंडापासूनची सोळा-अठरा किलोमीटरची चढण वाचते, म्हणजे पैशाला काहीतरी कारण असतं. तुमचं हे प्रकरण म्हणजे जिथून उठायचं तिथंच येऊन बसायचं. ऐंशी हजार देऊन? अण्णा बरोबर बोलायलेत.

निवृत्त शाखा अभियंता, पैठण

गंगाखेडकर, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम पैठण. लेक ऑकलंडला असते. तिच्या नादानं आम्ही नवरा-बायको दक्षिण बेट फिरलो आणि हिमनदीवर उतरलो, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही. थोडं लांबेल, कारण हा प्रश्न हेलिकॉप्टरचा कमी आणि पावसाचा जास्त आहे. मोंढा नाका, तुमचा मुद्दा रास्त आहे. त्याच्याकडं येतो.

आधी नकाशा काढा. दक्षिण बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी दक्षिण आल्प्सची रांग वरपासून खालपर्यंत उभी आहे. तिचा पश्चिमेचा पाय टास्मान समुद्राजवळ. वारे मुख्यतः पश्चिमेकडून येतात, समुद्रावरचं बाष्प उचलतात, रांगेला धडकून वर चढतात आणि होता तेवढा माल तिथंच टाकतात. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पश्चिम उतारावर काही जागा तर दहा हजार ओलांडतात. रांग ओलांडून पूर्वेला मॅकेन्झी खोऱ्यात उतरलात की टेकापो गावाला साधारण सहाशे. गवत पिवळं, टेकड्या बोडक्या. सह्याद्रीमुळं आपलं जे झालंय तेच. महाबळेश्वर धो-धो आणि आष्टी-पाटोदा आभाळाकडं बघत बसलेलं. मी गाडीतून उतरून ती पर्जन्यछाया बघितली आणि लेकीला म्हणालो, इथं मला काही नवीन दाखवू नकोस.

आता मुद्दा. पश्चिमेचा तोच पाऊस वर बर्फ होऊन पडतो, म्हणून फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या आहेत. डोक्यावर भलंमोठं हिमक्षेत्र, आणि त्याचा सगळा भार एका अरुंद, खड्या घळीतून खाली उतरतो, थेट हिरव्यागार जंगलाच्या शेजारी. चालही जोरात. १९४३ साली फ्रान्झ जोसेफवर एक विमान कोसळलं होतं. त्याचे अवशेष बर्फाबरोबर साडेतीन किलोमीटर वाहत साडेसहा वर्षांनी खालच्या तोंडाशी आले. दिवसाला दीड मीटर पडले. आमच्या कालव्यांच्या काही चाऱ्यांना शेवटच्या टोकाला पाणी याहून हळू पोचायचं, असो.

म्हणजे ज्या ढगांनी हिमनदी बनते तेच ढग हेलिकॉप्टर जमिनीवर बसवून ठेवतात. आमचंही तेच झालं. फ्रान्झ जोसेफ गावात लख्ख ऊन, पर्यटक आइस्क्रीम खात फिरायलेत, आणि काउंटरवरची पोरगी म्हणते उड्डाण रद्द. मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. वैमानिक बाहेर कॉफी पीत उभा होता, त्याला गाठलं. त्यानं छान समजावलं. वर पातळ ढग आला की प्रकाश सगळीकडून सारखा येतो. खाली पांढरा बर्फ, वर पांढरं आभाळ, सावली म्हणून पडत नाही. मग खालचा बर्फ पाच फुटांवर आहे का पन्नास, हे डोळ्याला कळत नाही. उतरायचं तर बर्फावर काहीतरी काळं दिसावं लागतं, खडक म्हणा, खुणेचा झेंडा म्हणा. ते दिसत नसेल तर तो जात नाही, मग खाली कितीका ऊन असेना. हे ऐकल्यावर माझी काही तक्रार राहिली नाही. पैसे परत मिळाले. हवामानामुळं त्यांनीच रद्द केलं तर परत देतात किंवा दुसऱ्या वेळेला बसवतात. आपण ऐनवेळी नाही म्हणालो तर मात्र कापतात. बुकिंग करतानाच ते वाचून घ्या, आणि शक्यतो थेट कंपनीकडंच करा. मधला दलाल असला की परताव्याला महिना लागतो.

पुढं आम्ही हास्ट खिंडीतून पूर्वेला आलो आणि पुकाकी तलावाच्या बाजूनं उडालो. पहिल्याच सकाळी मिळालं. म्हणून माझा सल्ला एकच आहे. आपण पर्जन्यछायेतली माणसं, पर्जन्यछायेतूनच उडा.

तुमच्या भावाचा रस्ता तसाही तिकडूनच आहे. ख्राइस्टचर्चहून निघालात की टेकापो अडीच-तीन तासांवर, तिथून पुकाकी, मग आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याचं गाव. टेकापोहून, पुकाकीजवळून, माउंट कुकजवळून, सगळीकडून फेऱ्या आहेत. पहिली संधी इथं घ्या. हुकली तर पुढं क्वीन्सटाउन, मिलफर्ड करून पश्चिम किनाऱ्यानं परतताना फ्रान्झ जोसेफ लागतंच. तिथं दोन रात्री ठेवा आणि पोचल्याच्या दुसऱ्या सकाळचं पहिलं उड्डाण धरा, म्हणजे ते गेलं तरी दिवस हातात राहतो. दुपारनंतर ढग चढतात. आणि पूर्वेकडं एक पथ्य आहे, वायव्येचा वारा. तो सुटला की आभाळ निळं असलं तरी कड्यांच्या मागं हवा खवळते आणि उडत नाहीत. तुम्ही जाताय तो त्यांचा वसंत. या दिवसांत तो वारा येतोच येतो. त्यामुळं पूर्वेलाही एक दिवस सैल ठेवा.

आता काय दिसतं ते. आधी वजन. कपड्यांनिशी, बुटांनिशी काट्यावर उभं करतात. आमच्या वेळी आकडा त्यांच्याच पडद्यावर दिसत होता, माणसाला नाही, त्यामुळं अण्णांची इभ्रत शाबूत राहील. वजनावरूनच कोण कुठं बसणार ते ठरतं, पुढं बसायचा हट्ट चालत नाही. नवऱ्याशेजारी बायको असंही नाही. माझी बायको पुढं वैमानिकाशेजारी आणि मी मागं दोन कोरियन पोरांच्या मध्ये. भारी माणसाला काही कंपन्या जादा पैसे किंवा जादा सीट लावतात. ती मर्यादा ज्याची त्याची वेगळी, म्हणून अण्णांना दुकानातल्याच काट्यावर चढवून खरा आकडा आधी कळवा.

कानाला हेडफोन लावतात, त्यातून वैमानिक सांगत जातो. उठल्यावर पहिल्यांदा टास्मान हिमनदीचं तळं. १९७३ साली तिथं तळं नव्हतं. हिमनदीच्या तोंडाचा बर्फ वितळत मागं सरकला आणि आता काही किलोमीटर लांबीचं राखाडी पाणी आहे, त्यात हिमनगांचे तुकडे तरंगतात. त्याच्या वर कित्येक किलोमीटर नुसती दगडगोट्यांची चादर. बायकोनं हेडफोनमध्येच विचारलं, "बर्फ कुठंय?" बर्फ त्या दगडांखालीच असतो. मग वळण घेतलं की एकदम पांढरं होतं, आणि बर्फाचा उतार जिथं मोडतो तिथं भेगा. वरून बघताना भेगेचा काठ पांढरा, थोडं आत फिकट निळा आणि तळाकडं असा निळा की मला त्याला मराठीत रंग सापडेना. त्या भेगांवरून जाताना मागची दोन्ही पोरं बोलायची थांबली.

उतरल्यावर स्किड, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खालचे दांडे, बर्फात वीतभर रुतले. दार वैमानिकच उघडतो, हात देऊन उतरवतो. पायरी उंच आहे, आईंच्या गुडघ्याला तेवढं एकच काम. वर चालायचं नसतं, जागेवरच थांबायचं. आमच्या हिनं उतरल्या उतरल्या काय केलं असेल, तर वाकून मूठभर बर्फ उचलून तोंडात टाकला. मी मात्र हिशोब करत होतो. जायकवाडीचा म्हणजे आमच्या नाथसागराचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. टास्मान हिमनदी वीस किलोमीटरहून लांब, बर्फाची जाडी काही ठिकाणी सहाशे मीटर. अगदी हात राखून गुणाकार केला तरी नाथसागर दोन-तीनदा काठोकाठ भरेल. आणि हा साठा दरवर्षी उतरतोय. एवढी वर्षं धरणाच्या पातळ्या लिहिल्या, पण पुन्हा न भरणारा साठा बघायची ती माझी पहिली वेळ. खर्चाचं म्हणाल तर माझे त्या क्षणी वसूल झाले. सगळ्यांचे होतीलच असं नाही.

मोंढा नाका, तुमचं उत्तर इथं आहे. फ्रान्झ जोसेफला २०१२ पर्यंत दरीतून चालत जाऊन बर्फावर चढता यायचं. हिमनदी मागं हटली, तोंडाशी कडे कोसळायला लागले, तेव्हापासून बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच. उठलो तिथंच परत येतो हे खरं. पण मध्ये जिथं टेकतो तिथं दुखऱ्या गुडघ्याचं माणूस दुसऱ्या कुठल्या वाटेनं पोचणार?

मिलफर्डच्या हेलिकॉप्टरला मात्र माझी ना आहे. ते फ्योर्ड खालून, बोटीतून बघायचं. मायटर शिखर पाण्यातून सरळ सोळाशे मीटरच्या वर उठतं. ती उंची मान वर केल्यावरच कळते, वरून बघितलं की चपटी होते. दुसरं म्हणजे तिथं पाऊस लागला तर चांगलं. उघड्या कातळावर माती नाही, पाणी मुरायला जागा नाही, त्यामुळं पाऊस सुरू झाला की कड्यांवरून जिकडं तिकडं तात्पुरते धबधबे सुटतात. बोट स्टर्लिंग धबधब्याच्या अगदी खाली नेतात, दीडशे मीटरवरून पाणी अंगावर. बोटीत संडास आहे, चहा आहे, अण्णांना बसायला खुर्ची आहे. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर होतात, तेवढं म्हाताऱ्या माणसांना करू नका. वाटेत 'ते आनाउ' नावाचं गाव आहे, तिथं मुक्काम ठोका, तिथून एकशेवीस किलोमीटर. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा, कातळातून खोदलेला. आत शिरल्यावर भिंती बघा, मला फार आवडल्या. आणि मिलफर्डला उतरताना हातापायाला डास पळवायचं मलम लावा. तिथली बारकी काळी माशी डासापेक्षा वाईट.

बीपीचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उंचीचा अंदाज म्हणून सांगतो, या फेऱ्या साधारण दोन-अडीच हजार मीटरवर उतरतात. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे.

नांदेडची सून

मी ख्राइस्टचर्चमध्येच असते. काका, तुमचं सगळं पटलं. पर्जन्यछायेचं तर आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं. आम्ही इथं राहून आंधळेपणानं फ्रान्झ जोसेफ बुक करतो आणि पावसात परत येतो.

मिलफर्डवर मात्र मी भांडणार. बोटीतून सदरलँड धबधबा दिसतो का? नाही दिसत. तो मिलफर्डच्या मागच्या डोंगरात आहे, ५८० मीटर, तीन टप्प्यांत पडतो, आणि ज्या क्विल तळ्यातून पडतो ते तळं कड्याच्या अगदी काठावर वाटीसारखं बसलंय. पायी बघायचं तर मिलफर्ड ट्रॅक, ५३ किलोमीटर, चार दिवस. हेलिकॉप्टरनं तळं आणि धबधबा एकाच वळणात दिसतात. शिवाय एका खोल दरीच्या भिंतीत वर कुठंतरी दुसरी दरी येऊन अधांतरी संपते, हिमनदीनं कोरलेल्या या लटकत्या दऱ्या वरूनच नीट कळतात. पण पैसे जवळपास दुप्पट-तिप्पट आणि अर्धा दिवस जातो. म्हणून गंगाखेडकर दादा, तुमच्यासाठी काकांचंच बरोबर. वादात मी हरलेले नाही एवढंच.

आता साडी. माझ्या सासूबाई इथं आल्या होत्या तेव्हा नऊवारीत बसल्या, आणि नऊवारी उलट सोपी पडली. काष्टा असल्यामुळं पाय मोकळा टाकता येतो. सहावारीच्या निऱ्या त्या उंच पायरीवर पायात येतात. तुमच्या आईंना सहावारीच नेसायची असेल तर घोट्याच्या वर नेसवा, निऱ्यांना आतून दोन पिना, पदर कमरेला खोचून वरून जॅकेट आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. आत थर्मलची विजार. पदराचं टोक बाहेर राहता कामा नये. तिथं टोपी, मफलर, ओढणी, काहीच मोकळं चालत नाही. पंखा वर फिरत असतानाच चढ-उतार होते आणि तिथली माणसं दंडाला धरून नेतात. त्यांनी सांगितलेल्या बाजूनंच जायचं, शेपटीकडं मुळीच नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसतसुद्धा नाही. पायात बूटमोजे, चपला नकोत. काळा चष्मा प्रत्येकाला हवाच, बर्फावरच्या उन्हानं डोळ्यातून पाणी येतं. पर्स खालीच ठेवायला लावतात, त्यामुळं डोळ्यांचे थेंब, गोळी जे काय असेल ते खिशात.

ज्याला गाडी लागते त्यानं हलकं खाऊन जावं. उपाशीपोटी तर नकोच. गोळी घ्यायची असेल तर अर्धा-एक तास आधी, आणि अण्णांच्या बीपीच्या गोळीबरोबर चालते का ते विचारून.

मोंढा नाका

ठीक आहे, पोचायला दुसरी वाट नाही हे मान्य. पण एक बोलायचं राहिलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये फॉक्स हिमनदीवर असंच फेरीचं हेलिकॉप्टर पडलं होतं, वैमानिकासकट सातही जण गेले. नेटवर आहे, बघा. गंगाखेडकर, बायकोनं हे वाचायच्या आत ठरवून टाका.

निवृत्त शाखा अभियंता, पैठण

खरं आहे, आणि लपवायचं कारण नाही. वाचू द्या त्यांना. केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडाजवळही जून २०२५ मध्ये सात जण गेले. दोन्हीकडं बातमीत ढगांचं नाव आलं. लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं की संपलं. तसं नाही. इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि मोकळी जागा असेल तर वैमानिक उतरवू शकतो, त्यांना त्याचा सराव असतो. पण ढगात शिरलं आणि डोंगर कुठं आहे तेच दिसेना, तर चांगलं इंजिन असून काय करायचं?

म्हणून माझ्या लेखी तपासायची गोष्ट एकच आहे, हवामान बिघडलं तर हे लोक सरळ नाही म्हणतात का. फोन करून विचारायचं, गेल्या आठवड्यात किती फेऱ्या रद्द केल्या. जो मोकळेपणानं सांगेल त्याच्याकडं जायचं. "काही काळजी करू नका, आम्ही नेतोच" म्हणणाऱ्याकडं मी बायकोला बसवलं नसतं. आणि आपल्या बाजूनं घाई करायची नाही. उद्या परतीचं विमान आहे, आजच न्या, असं कुणाच्या मागं लागायचं नाही. त्यासाठीच सांगतोय, हा कार्यक्रम सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

आणखी एक, प्रवास विम्याचा कागद काढून बघा. हेलिकॉप्टर फेरी आणि बर्फावर उतरणं त्यात धरलंय का. काही पॉलिसींत ते साहसी खेळात टाकून बाहेर ठेवलेलं असतं. आमच्या एजंटाला हे माहीतच नव्हतं, मी कलम दाखवल्यावर त्यानं जादा हप्ता घेऊन घालून दिलं.

गंगाखेडकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला फोन लावला. टेकापोला एक आणि माउंट कुकजवळ दोन रात्री ठरल्या, ते आनाउला दोन, फ्रान्झ जोसेफला दोन. मिलफर्डला बोट. हेलिकॉप्टर पूर्वेकडूनच. भाऊ म्हणाला, "पाच वर्षं झाली इथं येऊन, मला हे पैठणच्या माणसानं सांगावं?"

२०१५ चं बायकोला मीच वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ढग असला तर मी आईंना घेऊन खाली थांबीन, तुम्ही कुणी भुणभुण करायची नाही. एवढ्यावर मिटलं.

अण्णा काट्यावर चढले. एकशे सहा. आता म्हणायलेत की तोपर्यंत भात बंद. विम्याचा कागद आज काढतो.

जाता जाता एक विचारतो, हेलिकॉप्टरशी संबंध नाही. आई फराळ बांधायलीये. चकल्या, शेव, करंज्या, शेंगाची चटणी, घरचं लोणचं आणि शेताच्या बांधावरचा मध. विमानतळावर काढून घेतात का?

नांदेडची सून

दादा, मध घरीच ठेवा, तो आत येऊच देत नाहीत. बाकीच्याचं साधं आहे. देशात शिरायचा अर्ज भरताना खायचं जे जे असेल ते सगळं लिहायचं, चिमूटभर ओवा असला तरी. लिहिलं तर फार तर उघडून बघतात, नको असेल ते काढून ठेवतात, बाकी परत देतात. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. करंजीत खवा भरला असेल तर नका आणू, दुधाच्या पदार्थांना कटकट होते. सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करा. चटणी, शेव आमच्याकडं नेहमी येतात. पाकीट बंद असावं आणि त्यावर काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा, म्हणजे रांगेत तेवढा वेळ वाचतो.

बुटांचंही विचारतात. शेतात घातलेले बूट असतील तर तळवे ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून आणा. माती दिसली की बाजूला घेतात.